अबेल ३७०: एका दीर्घिकासमूहाचं वस्तुमान मोजताना

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय पक्का झाला. सही करताना मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "एवढे समूह आहेत, हाच का?" म्हटलं, गुरुत्वाने वाकलेल्या प्रकाशाची पहिली कमान इथेच सापडली म्हणून. त्या म्हणाल्या, "मग ती कशी सापडली ते आधी वाच. सॉफ्टवेअर नंतर उघड." त्यामुळे आजचा अख्खा दिवस वाचनात गेला आणि तो सत्कारणी लागला.

अबेल ३७० म्हणजे तिमिंगल तारकासमूहातला दीर्घिकांचा दाट घोळका. त्याची ताम्रसृती (प्रकाश लालसर होण्याचं प्रमाण; जितकी जास्त तितकी वस्तू दूर) ०.३७५, म्हणजे तिथला प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे ४ अब्ज वर्षं लागली. १९८७ मध्ये तुलूझच्या जेनेव्हिएव्ह सुकाय आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या दुर्बिणीतून या समूहाच्या पोटात एक लांबलचक तेजस्वी कमान पाहिली. अमेरिकेत रॉजर लिंड्स आणि वाहे पेट्रोसियन यांनीही स्वतंत्रपणे त्याच सुमारास अशा कमानी जाहीर केल्या. ही भानगड काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे समूहातच नवे तारे जन्मत आहेत, कोणी म्हणे हा प्रकाशाचा प्रतिध्वनी आहे. १९८८ मध्ये कमानीचा वर्णपट हाती आला आणि वाद मिटला. कमानीची ताम्रसृती निघाली ०.७२५ च्या आसपास. म्हणजे ती समूहात नाहीच, त्याच्या कितीतरी मागे आहे. मागच्या एका दीर्घिकेचा प्रकाश समूहाच्या गुरुत्वाने वाकून, ताणून आपल्यापुढे आला होता.

फ्रिट्झ झ्विकीने १९३७ मध्येच लिहून ठेवलं होतं की दीर्घिका भिंगासारख्या वागतील आणि त्यावरून त्यांचं वस्तुमान मोजता येईल. त्याचं म्हणणं डोळ्यांनी दिसायला पन्नास वर्षं लागली.

वाचताना एक आनंदाची गोष्ट सापडली. याच कमानींवर १९८८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून डी. नरसिंह आणि शशिकुमार चित्रे यांचा शोधनिबंध आला होता. चार तासांच्या अंतरावर बसून कोणीतरी तेव्हाच हे गणित मांडत होतं, आणि मला ते बीएस्सीची तीन वर्षं संपेपर्यंत माहीत नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज कागदावरचं गणित. संगणक बंद ठेवला.

मूळ सूत्र सोपं आहे. समूह, मागची दीर्घिका आणि आपण एका रेषेत असलो तर मागची दीर्घिका वर्तुळासारखी दिसते. त्या वर्तुळाच्या आत प्रति चौरस मीटर सरासरी जितकं वस्तुमान असतं, ते ठरलेलं असतं. त्याला क्रांतिक घनता म्हणतात. ती फक्त अंतरांवर अवलंबून असते: आपल्यापासून समूहापर्यंत, आपल्यापासून मागच्या दीर्घिकेपर्यंत, आणि त्या दोघांमधलं. समूह कशाचा बनलाय, तो उजळ आहे की काळा, तारे आहेत की वायू, काही विचारायचं नाही.

अंतरं काढली आणि आकडे घातले. उत्तर दर चौरस मीटरला साडेसात किलो.

तीनदा तपासलं, कारण विश्वासच बसेना. उद्या आईकडून ज्वारीची बरणी मागून, मीटरभर लांब-रुंद चटईवर साडेसात किलो पसरून बघणार आहे. जेमतेम सेंटिमीटरभर थर होईल. लाखो प्रकाशवर्षं खोल समूह आपल्या नजरेच्या दिशेने चेपून सपाट केला तर एवढाच पातळ थर उरतो, आणि तेवढा थर दीर्घिकेच्या प्रकाशाची कमान करायला पुरतो. फक्त तो पसरलेला असतो लाखो प्रकाशवर्षं, यातच सगळं आलं.

मग प्रत्यक्ष मोजणी. समूहात दोन ठळक मोठ्या दीर्घिका आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, मध्ये सुमारे ३८ कंससेकंदांचं अंतर (एक कंससेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). कमान दक्षिणेकडच्या दीर्घिकेच्याही खाली आहे. दोन्ही दीर्घिकांचा मध्य धरून कमानीवरून जाणारं वर्तुळ काढलं: त्रिज्या सुमारे २९ कंससेकंद. या अंतरावर एक कंससेकंद म्हणजे जवळपास १६,८०० प्रकाशवर्षं. क्रांतिक घनतेने क्षेत्रफळ गुणलं, आणि आत अडीचशे लाख कोटी सूर्य आले.

वहीत हा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

२५ ऑगस्ट, सोमवार

मॅडमनी त्या दोन रेघांवर बोट ठेवून विचारलं, "मध्य इथेच कशावरून?"

खरंच, कशावरून? कमान तर दक्षिणेच्या दीर्घिकेला बिलगून वळलीये. तिलाच मध्य धरलं तर त्रिज्या दहाएक कंससेकंद आणि वस्तुमान तीसएक लाख कोटी सूर्य. कमान तीच, सूत्र तेच, आणि उत्तरात आठपट फरक. वर्तुळ काढताना मी नकळत एक गोष्ट गृहीत धरली होती: समूहात एकच ढीग आहे आणि तो गोल आहे. वरवर सूत्राने काहीच मागितलं नव्हतं, पण मी त्याला परस्पर हे देऊन बसले होते.

३० ऑगस्ट, शनिवार

घरी गणपती. आरती झाली की वर जाऊन काम, परत खाली येऊन मोदकांना हात लावायचा, असं चाललंय.

दोन ढिगांचं मॉडेल मांडलं. ही युक्ती माझी नाही. १९९३ मध्ये जाँ-पॉल क्नाइब आणि सहकाऱ्यांनी याच समूहासाठी दाखवलं होतं की एका ढिगाने प्रतिमांची ठिकाणं जुळत नाहीत, दोन घेतले की जुळतात. आता हबलच्या खोल छायाचित्रांमुळे एकाच मागच्या दीर्घिकेच्या अनेक प्रतिमा कितीतरी ठिकाणी ओळखता आल्या आहेत, आणि चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूज उपकरणाने त्यांच्या ताम्रसृती मोजल्या आहेत. मी त्यांपैकी खात्रीच्या तेवढ्या घेतल्या.

पद्धत अशी: दोन ढीग ठेवायचे, प्रत्येकाची जागा, जडपणा, लंबगोलपणा सुटा सोडायचा, वर प्रत्येक सदस्य दीर्घिकेसाठी तिच्या तेजाच्या प्रमाणात एक छोटासा ढीग. मग संगणकाने प्रत्येक प्रतिमा उलट्या वाटेने मागे न्यायची आणि बघायचं की एका दीर्घिकेच्या सगळ्या प्रतिमा एकाच बिंदूला पोचतात का. पोचल्या नाहीत तर ढीग सरकवायचे. रात्रभर हेच.

सकाळी उठून पाहिलं. कमानीच्या अंतरासाठीची क्रांतिक रेषा, म्हणजे जिच्यावर प्रतिमा सर्वांत जास्त ताणल्या जातात ती, दोन्ही दीर्घिकांना कवेत घेणारी, उत्तर-दक्षिण लांबलेली निघाली. तितक्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे २४ कंससेकंद, म्हणजे चार लाख प्रकाशवर्षं. आतलं वस्तुमान सुमारे १७० लाख कोटी सूर्य. माझ्या दोन चुकीच्या उत्तरांच्या मधलं.

यात ताऱ्यांचा वाटा काही टक्क्यांचाच. समूहातला तप्त वायू त्याहून जास्त, पण तोही सगळा हिशोब भरून काढत नाही. बाकी सगळं न दिसणारं कृष्णद्रव्य. अलीकडच्या प्रकाशित नकाशांत इथे दोनापेक्षा जास्त ढीग धरतात. माझे दोनच आहेत, हे अहवालात ठळक लिहायचं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आता अवघड भाग. कमानी फक्त मध्यभागी असतात. बाहेरचं वस्तुमान मोजायचं तर क्षीण भिंगण, म्हणजे मागच्या दीर्घिकांच्या आकाराला बसलेला किंचित ताण मोजणं, हाच मार्ग, आणि तिथे एकही दीर्घिका डोळ्यांना वाकलेली दिसत नाही.

आईला हे समजावताना भाकरीचं उदाहरण सुचलं आणि मलाच ते जास्त कळलं. हाताने थापलेली भाकरी कधी नेमकी गोल नसते. एक या बाजूला लांबते, दुसरी त्या बाजूला. पण हजार भाकऱ्या जशा तव्यावरून उतरल्या तशाच एकावर एक ठेवून सरासरी आकार काढला तर तो गोलच यायला हवा. नाही आला, एकाच दिशेला लांबट आला, तर त्या दिशेला काहीतरी ओढतंय. एका भाकरीवरून हे कधीच सांगता येणार नाही.

दीर्घिकांचंही तसंच. या समूहाच्या मध्यापासून अडीच कंसमिनिटांवर (कंसमिनिट म्हणजे ६० कंससेकंद) साधारण दहा टक्के शिअर, म्हणजे आकाराचा एका दिशेला ताण, अपेक्षित आहे. नेमकी गोल दीर्घिका असती तर ती १०० लांब आणि ८२ रुंद दिसली असती. पण दीर्घिकांचा स्वतःचा लंबगोलपणाच त्याच्या कितीतरी पट असतो. शंभर दीर्घिकांची सरासरी घेतली तर चूक तीन टक्क्यांवर येते, चारशे घेतल्या तर दीड टक्क्यावर. म्हणून मोजदाद हवी.

हबलच्या बफलो सर्वेक्षणात हा भाग मध्याच्या बाहेरही घेतलेला आहे, आणि ती छायाचित्रं सर्वांसाठी खुली आहेत. एम.एस्सी.च्या मुलीला घरबसल्या ती उतरवून घेता येतात, याचं अप्रूप अजून जात नाही. रात्रभर डाउनलोड. मध्ये दोनदा वीज गेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सगळ्या दीर्घिकांचे आकार मोजून झाले, साधारण दीड हजार. समूहाकडे न बघता आधी सगळ्यांची एकत्र सरासरी काढली. ती शून्याच्या जवळ यायला हवी. आली नाही. सगळ्या किंचित उभ्या लांबलेल्या, आणि जितकी दीर्घिका मंद तितकी जास्त.

दोन दिवस गणितात चूक शोधली. शेवटी एक मंद तारा पडद्यावर इतका मोठा केला की एकेक चौकोन मोजता यावा. ताऱ्याच्या एका बाजूला फिकट शेपूट. दुसरा तारा पाहिला, तशीच शेपूट, त्याच दिशेला. तिसऱ्यालाही तीच.

हबलचा हा कॅमेरा २००२ पासून अवकाशात आहे. किरणोत्साराने त्याच्या चिपमध्ये बारीक खड्डे पडलेत. चित्र वाचताना विद्युतभार एकेक ओळ पुढे सरकवला जातो, तेव्हा त्यातला थोडा या खड्ड्यांत अडकतो आणि उशिरा सुटतो. त्याची शेपूट होते. मंद वस्तूचा त्यात जास्त टक्का जातो. हे दुरुस्त केलेल्या फायली संग्रहात वेगळ्या असतात, नावाच्या शेवटी डीआरसी. मी उतरवलेल्या होत्या डीआरझेड. एका अक्षराचा फरक.

पुन्हा सगळं उतरवायला लावलं. रागापेक्षा धसकाच बसला. ही सरासरी काढून पाहिली नसती तर ती शेपूट मी कृष्णद्रव्य म्हणून लिहिली असती.

४ ऑक्टोबर, शनिवार

नव्या फायली, नवी मोजणी. ताऱ्यांवरून दुर्बिणीच्या स्वतःच्या पसरटपणाची दुरुस्ती केली. एकूण सरासरी शून्याला टेकली.

१२ ऑक्टोबर, रविवार

निक कायझर आणि गॉर्डन स्क्वायर्स यांची १९९३ ची पद्धत लिहून काढली. शिअरचा नकाशा आत घालायचा, वस्तुमानाचा नकाशा बाहेर येतो. सगळी मांडणी जेमतेम तीस ओळींची.

नकाशा आला. मधोमध, जिथे दीर्घिका खचाखच भरल्यात, तिथे काही नाही. चार बाजूंना चार फुगवटे.

खोटा समूह बनवून पाहिला: ठरलेल्या जागी गोल ढीग, त्याचा शिअर छायाचित्राच्याच चौकटीत दीर्घिकांना चढवला आणि त्याच तीस ओळींतून नेला. यात नॉइज, म्हणजे मोजणीतली योगायोगाची गडबड, नव्हता, त्यामुळे चित्र स्वच्छ आलं. चार पाकळ्यांची रांगोळी, मध्ये रिकामं. खाली आई दारात दिवाळीच्या रांगोळीचा सराव करत होती आणि वर माझ्या पडद्यावर ही.

इतकी सुबक चूक नॉइजमुळे होत नाही. दिशांमध्येच कुठेतरी गोंधळ आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते. दीर्घिकांच्या जागा मी पूर्व-पश्चिम मोजल्या होत्या, आकार मात्र छायाचित्राच्या चौकटीत, डावीकडून उजवीकडे. चित्र आरशात उलटलं तर लंबगोलपणाचा पहिला घटक (आडवा-उभा ताण) तसाच राहतो, दुसऱ्याचं (तिरक्या ताणाचं) चिन्ह बदलतं. मी ते बदललं नव्हतं.

वहीत ताडून पाहिलं. चिन्ह उलटं राहिलं तर मध्याभोवतीचा शिअर चार दिशांना धन आणि मधल्या चार दिशांना ऋण होतो, सरासरी शून्य. म्हणजे तंतोतंत त्या चार पाकळ्या. चुकीचं चित्रसुद्धा गणिताने असं ओळन्‌ओळ पटलं तेव्हा अंगावर काटा आला.

एक उणे चिन्ह घातलं. खोट्या समूहाच्या मध्यभागी गोल ढीग उभा राहिला. खरी माहिती उद्या चालवणार, आज मुद्दाम नाही. ताज्या डोळ्यांनी बघायचंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मधोमध ढीग. उत्तर-दक्षिण लांबलेला.

पाच वाजता चालवलं, मग अर्धा तास नुसती बसून राहिले. या नकाशात समूहातल्या एकाही दीर्घिकेचा प्रकाश वापरलेला नाही. वापरले ते फक्त मागच्या, कोणालाही नाव नसलेल्या, धुरकट ठिपक्यांचे आकार. तरीही ढीग बरोबर त्या दोन मोठ्या दीर्घिकांवर.

मॅडमना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "पंचेचाळीस अंश फिरवून बघितलंस?"

१८ ऑक्टोबर, शनिवार

बघितलं. प्रत्येक दीर्घिकेचा आकार ४५ अंशांनी फिरवून तीच पद्धत चालवली. गुरुत्वीय भिंग असं वळण देऊच शकत नाही, त्यामुळे या नकाशात फक्त नॉइज उरायला हवा. तसाच उरला, ढीग नाही. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक डाग आहे, तो दोन्ही नकाशांत दिसतो. तिथे एका झगमगत्या ताऱ्याच्या उजेडाने आकार बिघडलेत. तो कोपरा झाकला.

दिवाळीसाठी काम चार दिवस बंद.

२ नोव्हेंबर, रविवार

मध्याजवळ शिअर अपेक्षेपेक्षा कमी येतोय. कारण लवकरच कळलं: समूहातल्याच काही दीर्घिका मी मागच्या समजून मोजल्या. त्या भिंगातच असल्यामुळे वाकलेल्या नसतात, दुधात पाणी घातल्यासारखी सरासरी पातळ करतात. समूहातल्या म्हाताऱ्या दीर्घिका रंग आणि तेजाच्या आलेखावर एका अरुंद लाल पट्ट्यात बसतात. तो पट्टा आणि त्याच्या आजूबाजूचा भाग वगळला. संख्या घटली, नॉइज वाढला, पण मध्याजवळचा शिअर वर आला. कमी पण निर्मळ माहिती बरी.

आणखी एक अडचण आहे, ती मात्र सुटणारी नाही. संपूर्ण चित्रावर वस्तुमानाचा सपाट थर पसरला तर फक्त आकारांवरून तो कळत नाही, सगळं थोडं मोठं होतं इतकंच. १९८५ पासून हे ठाऊक आहे. त्यामुळे कडेला वस्तुमान शून्य धरणं हा माझा निर्णय आहे, मोजमाप नाही. असंच लिहायचं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज प्रकल्पाचं काम नाही, पण नोंद हवी. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ११ डिसेंबर २०१५ ला, हबलला रेफ्सडाल अतिनवतारा पुन्हा दिसला. दुसरा एक समूह, मॅक्स जे ११४९. त्याच्यामागे फुटलेल्या एकाच ताऱ्याच्या चार प्रतिमा २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सापडल्या होत्या. वेगवेगळ्या गटांनी समूहाच्या वस्तुमानाचे नकाशे काढून आधीच लिहून ठेवलं की याच स्फोटाचा प्रकाश एका लांबच्या वाटेने अजून यायचाय, अमुक जागी, साधारण अमुक काळाने दिसेल. तो तिथेच दिसला.

नॉर्वेच्या श्युर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्ये अशा उशिराचं गणित मांडलं होतं, म्हणून त्यांचं नाव. कोणी विचारतं की न दिसणाऱ्या द्रव्याच्या नकाशावर विश्वास का ठेवायचा, तेव्हा मी हे सांगते. माझ्या नकाशाची अशी परीक्षा होणार नाही, पण पद्धत तीच आहे.

१४ डिसेंबर, रविवार

रात्री साडेनऊला गच्चीवर. चंद्र उगवायला वेळ होता, थंडी कडक. आजोबाही काठी टेकत आले.

तिमिंगलातला डेल्टा हा चौथ्या प्रतीचा तारा, गावाच्या दिव्यांत कसाबसा दिसला. हात लांब करून त्याच्या खाली अंगठ्याच्या रुंदीइतकं अंतर घेतलं की अबेल ३७०. दिसलं अर्थातच काही नाही, नुसता काळोख. आजोबांनी विचारलं, "मग बघायचं काय?" मी म्हटलं, आजोबा, तिथे चार महिन्यांपासून मी आहे.

ते तिथेच बघत थांबले. मग विचारलं, "किती जड आहे म्हणालीस?" सांगितलं: मधल्या भागातच १७० लाख कोटी सूर्य. त्यांनी ते आकडे बोटांवर मोजून पाहिले आणि पुन्हा वर बघितलं.

याच वर्षी जानेवारीत आलेल्या शोधनिबंधात जेम्स वेब दुर्बिणीने त्या कमानीतले चाळीसहून अधिक सुटे तारे ओळखले आहेत. सुट्या ताऱ्यांची नावं घेण्याइतकं ते भिंग जवळ आणतं.

४ जानेवारी २०२६, रविवार

अहवालाचा शेवटचा आलेख. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. कमानी आणि अनेक प्रतिमांच्या नकाशात दोन ढीग सुटे दिसतात. क्षीण भिंगणाच्या नकाशात एकच, लांबट. विरोध नाही: नॉइज आवरायला तो नकाशा मला ४५ कंससेकंदांनी धूसर करावा लागला, आणि ढिगांमधलं अंतर ३८. माझ्या चाळणीची भोकंच त्याहून मोठी आहेत. दोन ढीग दिसायचे तर दर चौरस कंसमिनिटाला याहून कितीतरी जास्त दीर्घिका लागतील.

मॅडमनी मसुदा वाचून दोन ठिकाणी "सिद्ध झाले" खोडून "सुसंगत आहे" केलं. तिसरं मी स्वतः शोधून खोडलं. डीआरझेडची गोष्ट त्यांनी परिशिष्टातून काढून मुख्य मजकुरात घ्यायला सांगितली, शेपटीच्या त्या ताऱ्याच्या चित्रासकट. चित्र पुन्हा काढायचंय, मोठ्या चौकोनांत. उद्या.